धुराची उधारी

बांधकाम मजुराला गुजरात सरकार पाच रुपयांत जेवण देते. श्रमिक अन्नपूर्णा योजना 2017 मध्ये सुरू झाली तेव्हा थाळीला दहा रुपये पडत. करोनात बंद पडलेली केंद्रे ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा उघडू लागली, तेव्हा दर निम्मा झाला. पोळ्या, भाजी, डाळ, भात डब्यात भरून घ्यायचे आणि कामावर जायचे. ही केंद्रे असतात कडियानाक्यांवर, म्हणजे गवंडी, बिगारी, रंगारी सकाळी कामाची वाट पाहत उभे राहतात तिथे. बडोद्यातल्या अशा नाक्यांवर दाहोद, पंचमहाल, छोटा उदेपूरकडची माणसे असतात, मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूरकडचीही असतात. मुकादम येतो, चारजणांना हेरतो, बाकीचे उभेच राहतात.

नाका आला की पानाचा गल्लाही आलाच. तिथे पाच रुपयांत बरी सिगारेट एकही मिळत नाही आणि विड्या मिळाल्या तर मोजक्याच. ज्याच्या पोटाची सोय पाच रुपयांत झाली, त्याचा दिवसभराचा धूर त्या थाळीच्या तिप्पट-चौपट भावात पडतो. हे दृश्य पाहणाऱ्या पांढरपेशाच्या तोंडी एक वाक्य तयारच असते: खायला नाही आणि विड्या फुंकायला पैसे आहेत! वाक्य ठसक्यात म्हणता येते, म्हणून ते टिकलेही आहे. पण पैशाची तंगी आणि विडी यांचे नाते त्यात मावत नाही.

आधी कोण किती ओढतो ते पाहू. तंबाखूविषयीची ‘गॅट्स’ ही सविस्तर राष्ट्रीय पाहणी 2016-17 मध्ये झाली. तिच्यानुसार गुजरातेत 25.1 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, महाराष्ट्रात 26.6 टक्के. एकूण आकडे जवळजवळ सारखेच. मात्र ओढणाऱ्यांचे प्रमाण महाराष्ट्रात 3.8 टक्के, तर गुजरातेत 7.7 टक्के, म्हणजे दुप्पट. महाराष्ट्र मुख्यतः तंबाखू मळतो आणि चघळतो. गुजरात मावाही चघळतो आणि विडीही ओढतो. देशभरात विडी ओढणारे 7.7 टक्के आणि सिगारेट ओढणारे 4 टक्के निघाले. रोज विडी ओढणारा दिवसाला सरासरी पंधरा विड्या संपवत होता आणि त्यावर महिन्याला 284 रुपये घालवत होता. रोज सिगारेट ओढणाऱ्याचा खर्च होता 1,192 रुपये.

दोनशे चौऱ्याऐंशी रुपये! एवढ्याने कोणाचे घर बुडते, असे कोणीही विचारील. तो प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेब जरा नीट मांडायला हवा.

आजच्या भावाने एका विडीला रुपया धरला तर पंधरा विड्यांचे महिन्याला साडेचारशे होतात. गुजरात सरकारने मार्च 2023 मध्ये किमान वेतन वाढवले, तेव्हा महापालिका हद्दीतल्या अकुशल कामगाराचा रोज 452 रुपये ठरला. म्हणजे महिन्यातली एक हजेरी धुरात जाते. दहा रुपयांची सिगारेट धरून दिवसाला पाच ओढणाऱ्याच्या तीन हजेऱ्या जातात, आणि वर थोडे. सव्वीस दिवस काम मिळाले तर पगार 11,752 रुपये. त्यातून दीड हजार सिगारेटला गेले, तर आठवा हिस्सा संपला. नाक्यावरच्या माणसाला सव्वीस दिवस काम क्वचितच मिळते, पावसाळ्यात तर नाहीच. हजेऱ्या घटतात, विड्या घटत नाहीत. उलट अकरा वाजेपर्यंत मुकादम फिरकलाच नाही, तर वाट पाहण्यात दोन जास्तच जातात.

पण हे आकडे कमाईशी ताडून पाहण्यात खरी गंमत नाही. कमाईतून खोलीचे भाडे, किराणा, गॅस, मोबाइलचे रिचार्ज, गावी पाठवायचे पैसे आणि कोणाचा तरी हप्ता वजा केला की हातात जे उरते, त्याच्याशी ते ताडायचे. पगारदार माणसाला साडेचारशे रुपये जाणवतही नाहीत. ज्याच्याकडे महिन्याअखेर पाचशेच उरायचे असतात, त्याचे सगळेच गेलेले असतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता आहे 20 रुपये. अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. जीवनज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता 436 रुपये. कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी दोन लाख. दोन्ही मिळून 456 रुपये. पंधरा विड्या ओढणाऱ्याचा एका महिन्याचा धूर आणि त्याचे स्वतःचे वर्षभराचे हे दोन्ही विमे यांची किंमत जवळपास सारखीच आहे. परांचीवर चढणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा हिशेब साधा नव्हे.

घराच्या ताटातून नेमके काय जाते, हेही तपासले गेले आहे. अर्थतज्ज्ञ रिजो जॉन यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीतले घरखर्चाचे आकडे घेऊन 2008 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तंबाखूवर खर्च करणारी घरे दूध, मुलांचे शिक्षण, स्वच्छ इंधन आणि करमणूक यांवर कमी खर्च करतात, असे त्यात दिसले. ही काटछाट कोणी ठरवून करत नाही. दूध अर्ध्या लिटरवरून पाव लिटरवर येते, शिकवणी पुढच्या महिन्यावर जाते. कुठलाच बाप विडी आणि दूध समोरासमोर ठेवून विडी निवडत नाही; विडीचे पैसे घरी यायच्या आधीच गेलेले असतात, आणि उरलेल्यात घर चालवायचे काम बाईकडे येते. ती मजुरीचा आकडा ऐकून असते, हातात येणारा आकडा वेगळा असतो. मधल्या फरकावरून होणारी भांडणे कुठल्या पाहणीत मोजली जात नाहीत.

जॉन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये आणखी एक गणित मांडले. दारिद्र्यरेषा ठरवताना घराचा एकूण खर्च पाहतात; तंबाखूवरचा खर्चही त्यात धरला जातो, जणू तोही पोटात गेला. तो खर्च आणि तंबाखूमुळे झालेल्या आजारपणाचा खर्च वजा केला, तर 2004-05 च्या आकड्यांनुसार देशात आणखी दीड कोटी माणसे गरीब ठरतात. कागदावर ही माणसे रेषेच्या वर होती.

बडोद्यात हा विषय मांडताना शहराचा नकाशाही समोर ठेवावा लागतो. विडीला लागणाऱ्या दोन्ही वस्तू बडोद्याच्या दोन बाजूंना पिकतात. मही नदी ओलांडली की चरोतर लागतो: आणंद, बोरसद, पेटलाद, नडियाद. विडीच्या तंबाखूचा देशातला हा एक मोठा पट्टा, दुसरा मराठी वाचकांच्या ओळखीचा निपाणीचा. पूर्वेला छोटा उदेपूर, देवगड बारिया, दाहोदच्या जंगलात टिमरूची पाने मिळतात. आपण त्यांना तेंदूपत्ता म्हणतो. पेटलाद तर गायकवाडी मुलूखच. आणंद-पेटलाद रेल्वे बडोदे सरकारने 1890 मध्ये सुरू केली. उरलेला तंबाखू पानात गुंडाळून ओढण्याची रीत खेडा-पंचमहालच्या तंबाखू मजुरांत रुजली आणि ‘छप्पनिया’ दुष्काळात, म्हणजे 1899-1900 मध्ये, देशोधडीला लागलेल्या गुजराती कुटुंबांनी हा धंदा जबलपूरकडे नेला, असे विडीच्या इतिहासावर लिहिणारे सांगतात. विडीच्या तंबाखूवर संशोधन करणारे केंद्र आणंदला 1947 पासून आहे. चरोतरातल्या कित्येक गावांची पक्की घरे आणि शाळा या पिकाच्या पैशावर उभी राहिली. त्याच्या दुसऱ्या टोकाला शेवटचा झुरका घेणारा मजूर मात्र टिमरूच्या जंगलातून आलेला असतो. पाने तोडायच्या हंगामात कदाचित त्याच्याच घरच्यांनी ती तोडलेली असतात.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. पैसे नाहीत, हे ओढणाऱ्याला कळत नाही का?

पुरेपूर कळते. मोहम्मद सियाहपुश आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिका या चार देशांतल्या धूम्रपान करणाऱ्यांचा पाठपुरावा करून 2009 मध्ये निष्कर्ष मांडला: ज्यांना पैशाची तंगी आहे त्यांना सिगारेट सोडायची इच्छा इतरांहून जास्त असते, आणि तरीही ते सोडण्याचा प्रयत्न कमी करतात, केला तर तो टिकतही कमी. इच्छा जास्त आणि यश कमी. हे वाचल्यावर ‘त्याला सोडायचेच नाही’ हे वाक्य बाद करावे लागते. श्रीमंत देशांतले हे निष्कर्ष बडोद्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत हे खरे. पण भारतातही गॅट्स पाहणीत ओढणाऱ्यांपैकी 55.4 टक्क्यांनी सोडायचा विचार असल्याचे सांगितले आणि 38.5 टक्क्यांनी गेल्या वर्षभरात प्रयत्नही केला होता.

मग अडते कुठे? ‘टेन्शन’ या शब्दापाशी. विडी का ओढतोस, असे कोणालाही विचारा. नाक्यावर, कारखान्याच्या दारात, रिक्षात, उत्तर हेच मिळते. टेन्शन असते, साहेब. आणि ते खोटे नसते. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराकडे लागलेल्या कामगाराला पुढच्या महिन्यात काम असेल की नाही, ते ठाऊक नसते. भाडे थकलेले असते, मुलीला ताप असतो. अशा वेळी एक विडी ओढली की डोके हलके होते.

ते का होते, हे पाहण्यासारखे आहे. झुरका घेतला की निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते. दोन तासांत त्याचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर येते आणि मग तलफ सुरू होते: चिडचिड, अस्वस्थपणा, कशात लक्ष न लागणे. ही सगळी लक्षणे काळजीसारखीच असतात, त्यामुळे माणूस दोन्हींना एकाच नावाने हाक मारतो. पुढची विडी तलफेची अस्वस्थता घालवते आणि श्रेय मात्र टेन्शन घालवल्याचे घेते. भाडे थकलेलेच राहते. ब्रिटिश मेडिकल जर्नलने 2014 मध्ये सव्वीस अभ्यासांचा एकत्रित आढावा छापला. धूम्रपान सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण न सोडलेल्यांपेक्षा कमी झाले होते. गल्ल्यावर हे सांगून पाहावे. कोणी विश्वास ठेवणार नाही, कारण सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे अनुभव अगदी उलट येतो. आणि नाक्यावरच्या माणसाला ते आठवडेच परवडत नाहीत. चिडचिड झाली, मुकादमाशी वाजले, तर दुसऱ्या दिवशी बोलावणे येत नाही.

तंगीचा डोक्यावरही भार पडतो. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर केलेला एक अभ्यास ‘सायन्स’ने 2013 मध्ये छापला. ऊस तुटायच्या आधी हात आखडलेला असताना आणि नंतर पैसे आल्यावर, त्याच शेतकऱ्यांना बुद्धीच्या त्याच प्रकारच्या चाचण्या दिल्या. तंगीच्या दिवसांत त्यांचे गुण स्पष्टपणे घसरले. माणसे तीच, शेते तीच. सगळे लक्ष आजचा दिवस कसा निघेल याकडे लागले की तलफ दाबून धरायला लागणारी शिल्लक मनात उरत नाही.

आणखी दोन गोष्टी, ज्या शहाण्या सल्ल्यांत सहसा येत नाहीत. निकोटिनने भूक मरते; दुपारचे जेवण लांबले तर विडी वेळ मारून नेते. आणि बांधकामावर विडी ओढायला थांबलेल्या माणसाला सहसा कोणी हटकत नाही, नुसता बसलेल्याला हटकतात. पाच मिनिटांची हक्काची विश्रांती त्याने विडी पेटवून मिळवलेली असते. ती सोडायची म्हणजे ही सवलतही सोडायची.

उधारीचे प्रकरण वेगळेच. गल्लेवाला ओळखीचा असतो, गाववालाही असतो. काम नसलेल्या दिवशी किराणावाला हात आखडता घेतो, पण गल्लेवाला बंडल देतो आणि वहीत मांडतो. शनिवारी पगार झाला की आधी ती बाकी चुकते होते, कारण उद्या सकाळी पुन्हा त्याच्याच समोर उभे राहायचे असते. सिगारेटचे तर सुटेपण हेच आकर्षण. गॅट्समध्ये सिगारेट ओढणाऱ्यांपैकी 68 टक्के सुटी सिगारेट घेत होते. पाकीट घेतले तर दोनशे रुपये एकदम गेलेले दिसतात. एकेक घेतली तर काहीच गेल्यासारखे वाटत नाही. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर 2020 मध्ये सुट्या सिगारेटी-विड्या विकायला बंदी केली, ती यासाठीच. बंदी कागदावर झाली. गल्ल्यावर काय चालते ते वाचकांना ठाऊक आहे.

विडी स्वस्त, तसाच तिचा अपायही स्वस्तातला, अशी एक समजूत आहे. पान असते, कागद नसतो, तंबाखू तर चिमूटभर. तंबाखू कमी असतो हे बरोबर. पण विडी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात, आणि निकोटिन, डांबर, कार्बन मोनॉक्साइड यांत ती सिगारेटच्या मागे राहत नाही. मुंबईत 1991 पासून जवळपास दीड लाख माणसांचा पाठपुरावा करणारा मोठा अभ्यास झाला. तंबाखू न घेणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका 1.37 पट निघाला आणि विडी ओढणाऱ्यांचा 1.64 पट.

गरिबाच्या घरात आजारपण येते ते दवाखान्याच्या बिलाआधी बुडालेल्या हजेऱ्यांच्या रूपात. बडोद्यात सयाजी हॉस्पिटल आहे, क्षयाची औषधे सरकार फुकट देते, वाघोडिया तालुक्यात गोरजला मुनी सेवा आश्रमाचे कॅन्सर रुग्णालय आहे. आयुष्मान-मा कार्डावर गुजरातेत जुलै 2023 पासून कुटुंबाला वर्षाला दहा लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. या सोयी खऱ्या आहेत आणि त्यांनी अनेक घरे सावरली आहेत. पण कार्ड चालते दाखल झाल्यावर. ओढणाऱ्याला बहुधा होतो तो वर्षानुवर्षांचा दमा-खोकला, ज्यात माणूस दाखल होत नाही आणि बराही होत नाही. दर महिन्याचा इन्हेलर, अधूनमधून एक्स-रे, आणि दोन मजले सिमेंटची पाटी चढवता येईना म्हणून हलक्या, कमी मजुरीच्या कामावर सरकणे. हे कुठल्याच कार्डात बसत नाही. क्षयाच्या रुग्णाला पोषणासाठी सरकार महिन्याला पाचशे रुपये देई, नोव्हेंबर 2024 पासून हजार देते. रुग्ण दिवसाला पंधरा विड्या ओढतच राहिला, तर त्यातले साडेचारशे कुठे जातील हे वेगळे सांगायला नको. ओढणाऱ्या क्षयरोग्यांत मृत्यूचे प्रमाण न ओढणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असते, तेही आहेच.

धूर घरातही जातो. देशातल्या 38.7 टक्के प्रौढांना घरात दुसऱ्याचा धूर सोसावा लागतो, असे गॅट्सने नोंदवले. एका खोलीत पाचजण राहतात तिथे बाहेर जाऊन ओढ म्हणणेही अवघड, विशेषतः पावसात.

इथे सरकार येते, आणि कराचा विषय निघतो. 1 जुलै 2017 पासून विडी आणि सिगारेट दोन्हींवर 28 टक्के जीएसटी लागला. सिगारेटवर शिवाय उपकर, विडीला उपकर माफ. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेटचा दर 40 टक्के केला आणि विडीचा उलट 18 टक्क्यांवर आणला. तेंदूपत्त्याचा 18 वरून 5 वर. 1 फेब्रुवारी 2026 पासून विडीचा नवा दर लागू झाला. कारण नेहमीचेच दिले जाते: विडी गरिबाची, आणि ती वळणाऱ्या बायकाही गरीब. विडी वळणारे सुमारे पन्नास लाख नोंदणीकृत कामगार देशात आहेत, बहुतेक बायका. सोलापूरकरांना हे सांगायला नको. त्यांच्या पोटाचा प्रश्न खोटा नाही. पण करसवलतीतला किती वाटा हजार विड्यांमागच्या मजुरीत उतरतो, हे त्या बायकांना विचारले तर उत्तर काही फार उत्साहाचे येणार नाही.

विडीमुळे होणाऱ्या आजारांचा आणि अकाली मृत्यूंचा देशाला 2017 मध्ये पडलेला भुर्दंड जॉन यांनी 80,550 कोटी रुपये काढला. त्याच सुमाराला विडीवरच्या उत्पादन शुल्कातून सरकारला वर्षाला मिळत होते 417 कोटी. गरिबाचे व्यसन स्वस्त ठेवणे ही दया म्हणायची असेल, तर तिचे बिल गरिबाच्याच फुप्फुसातून वसूल होते.

तरीही कर वाढवला की काम झाले, असे मानणारेही अर्धेच बरोबर आहेत. भाव वाढले की गरीब माणसे जास्त संख्येने सोडतात, हे जगभर दिसले आहे. जे सोडू शकत नाहीत ते मात्र तेवढ्याच तलफेसाठी जास्त पैसे मोजतात आणि घर आणखी खाली जाते. सिगारेट महागली आणि विडी स्वस्तच राहिली, तर सोडण्याऐवजी माणूस विडीवर उतरतो. आत्ताची दररचना नेमकी त्याला हे सुचवते. फिलिपिन्सने 2012 मध्ये कायदा करून स्वस्त सिगारेटींवरचा कर जोरात वाढवला आणि वाढीव उत्पन्नाचा मोठा हिस्सा गरिबांच्या आरोग्य विम्यात घातला. ज्याच्या खिशातून पैसा काढला त्याच्याच घरी तो दुसऱ्या दाराने परत गेला. आपल्याकडे असे दार अजून बसवलेले नाही.

सोडायला मदत मिळते का? मिळते, पण शोधावी लागते. कोणाच्याही मदतीशिवाय, नुसत्या निश्चयावर केलेल्या शंभर प्रयत्नांपैकी तीन ते पाचच सहा महिने ते वर्षभर टिकतात. निकोटिनचे च्युइंग गम औषधाच्या दुकानात मिळते. दोन मिलिग्रॅमचे चिठ्ठीशिवायही. निकोटिनची अशी पर्यायी औषधे 2022 मध्ये अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आली. पण गमची एक पट्टी विडीच्या बंडलापेक्षा बरीच महाग पडते, आणि गल्लेवाला देतो तशी उधारी औषधवाला देत नाही. तंबाखू सोडवण्याची पहिली केंद्रे देशात 2002 मध्ये निघाली, त्यांतले एक होते करमसदच्या प्रमुखस्वामी मेडिकल कॉलेजात; बडोद्याहून तासाभराच्या अंतरावर, ऐन तंबाखूच्या मुलखात, सरदार पटेलांच्या गावी. मोफत राष्ट्रीय क्विटलाइन 2016 पासून चालवते तीही दिल्लीची वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूट. सरदारांचे नाव या लढाईत दोनदा आले, हा योगायोगच.

स्वस्तात काय साधते, याचा एक चांगला पुरावा शेजारच्या देशातून आला आहे. पाकिस्तानात क्षयाच्या संशयावरून तपासायला आलेल्या, धूम्रपान करणाऱ्या रुग्णांशी आरोग्य कर्मचाऱ्यांनी दोन वेळा नीट बसून बोलायचे, एवढाच एका गटाला उपचार होता. 2013 मध्ये निष्कर्ष आले: सहा महिने सलग न ओढलेले त्या गटात 41 टक्के, नेहमीच्या पद्धतीने तपासलेल्या गटात 8.5 टक्के. बोलण्याच्या जोडीला औषधही दिलेला गट 45.4 टक्क्यांवर गेला, म्हणजे फार पुढे नाही. भारतात क्षयाच्या रुग्णाकडे आरोग्य कर्मचारी आजही जातात, गोळ्यांची चौकशी करतात. गॅट्सच्या वेळी दवाखान्यात गेलेल्या ओढणाऱ्यांपैकी 48.8 टक्क्यांनाच कोणी सोडायचा सल्ला दिला होता. उरलेल्या निम्म्यांना कोणी विचारलेही नाही.

क्विटलाइनचा क्रमांक 1800-112-356. मुंबईत टाटा मेमोरियलचे केंद्रही तिला जोडले गेल्यापासून मराठी आणि गुजरातीतही बोलता येते. सप्टेंबर 2018 पासून हा क्रमांक कॅन्सरच्या चित्राबरोबर प्रत्येक पाकिटावर छापतात. विडीच्या पातळ वेष्टनावर तो वाचता आला तर वाचता येतो. सिगारेट सुटी घेणाऱ्याच्या हाती पाकीट येतच नाही; ते गल्लेवाल्याकडे राहते.